१:३५० चं ड्राय डॉक किट: एक पावसाळा काढल्यानंतर

ड्राय डॉक म्हणजे पाणी उपसून जहाज दुरुस्त करायची सुकी गोदी, आणि हे तिचं खऱ्याच्या साडेतीनशेव्या भागाएवढं मॉडेल. जुलैमध्ये माझ्या गोदीचा तळ फुगला आणि या किटबद्दलचं माझं मत बदललं. त्याआधी कोणी विचारलं असतं तर 'डोळे झाकून घ्या' म्हटलं असतं. आता म्हणते, घ्या, पण तळाची पाटी पहिल्याच दिवशी काढून ठेवा आणि कील ब्लॉक्स, म्हणजे जहाजाच्या कण्याखालचे (कीलखालचे) ठोकळे, हातात घेऊन नीट बघा. बाकी सगळं त्यानंतर.

किटात येतं ते असं: लेझरने कापलेला एमडीएफचा सांगाडा, दोन्ही अंगांच्या पायऱ्या, दगडी बांधकाम कोरलेली कार्डशीट, रेझिनचे कील ब्लॉक्स आणि तोंडाशी लावायचा कॅसन दरवाजा. मला ५,५०० रुपयांना पडलं, कुरिअर वेगळं. जहाज घरात होतंच, तामिया कंपनीचं फ्लेचर या अमेरिकी विनाशिकेचं मॉडेल, पाण्याखालच्या भागासकट पूर्ण हलचं. खरं फ्लेचर ११४.८ मीटरचं, म्हणजे टेबलावर साधारण ३३ सेंटिमीटर. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये एवढंच मावतं. मुंबई बंदरातली ह्यूजेस ड्राय डॉक १,००० फूट लांब, ती याच प्रमाणात केली तर ८७ सेंटिमीटर होईल. ती कपाटावर ठेवायची म्हटली तर कपाटच बदलावं लागेल.

फ्लेचर घ्यायला कारण आहे. या वर्गाच्या १७५ विनाशिका बांधल्या गेल्या आणि त्यातली 'कॅसिन यंग' आजही बोस्टनच्या चार्ल्सटाउन गोदीवाड्यात संग्रहालय म्हणून उभी आहे. २०१० ते २०१३ मध्ये ती दुरुस्तीसाठी तिथल्याच ड्राय डॉक १ मध्ये होती. ही ग्रॅनाइटची गोदी लोॲमी बाल्डविन या इंजिनिअरने बांधली आणि १८३३ साली 'कॉन्स्टिट्यूशन' हे लढाऊ जहाज घेऊन ती सुरू झाली. तेच जहाज २०१५ ते २०१७ मध्ये पुन्हा त्याच गोदीत होतं. दगडी पायऱ्यांच्या गोदीत पोलादी विनाशिका कशी दिसते, हे ठरवायला मला याहून चांगला नमुना मिळाला नसता.

या 'कॉन्स्टिट्यूशन'चा मुंबईशीही संबंध आहे. १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ त्याने ब्रिटिशांचं 'जावा' हे जहाज हरवलं. मुंबईत बांधायच्या 'त्रिंकोमाली' या ब्रिटिश जहाजाचे नकाशे 'जावा'वर होते, तेही गेले. नकाशे पुन्हा पाठवावे लागले आणि जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागवानातलं 'त्रिंकोमाली' १८१७ मध्ये पाण्यात उतरलं. ते आज इंग्लंडात हार्टलपूलला आहे. मुंबईतली पहिली सुकी गोदी त्याच घराण्यातल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या काळातली, १७५० ची. पायऱ्या कोरत बसले की हे सगळं डोक्यात असतं, म्हणून इथे लिहिलं.

आता कील ब्लॉक्स. कोणी म्हणेल, जहाजाखाली झाकल्या जाणाऱ्या ठोकळ्यांवर एवढं कशाला लिहायचं? पण ड्राय डॉकमध्ये सगळं त्यांच्यावरच तर उभं असतं. फ्लेचरचं स्टँडर्ड वजन २,०५० टन. पाणी उपसलं की हा सगळा भार कीलच्या रेषेतल्या ठोकळ्यांवर येतो. म्हणून जहाज यायच्या आधी डॉकिंग प्लॅन बघून ठोकळे मांडतात आणि सगळ्यांचे माथे एका रेषेत आणतात. जहाज मागच्या बाजूने किंचित जास्त बुडालेलं ठेवतात, त्यामुळे मागचं टोक आधी टेकतं, मग हळूहळू पुढचं. त्यानंतर बाजूचे ठोकळे आत ओढतात. प्रत्येक ठोकळा म्हणजे थरांची चळत: खाली काँक्रीट किंवा कठीण लाकूड, माथ्यावर मऊ लाकडाची टोपी. ही टोपी मुद्दाम मऊ ठेवतात. थोडीफार उंचसखल असेल तर ती चेपते आणि भार सगळीकडे वाटला जातो.

किटात काय दिलंय? सगळे ठोकळे एका पट्टीला जोडलेले, कडा गोलाकार, वरपासून खालपर्यंत एकच पोत. टोपीची रेघसुद्धा नाही. आणि उंची कमी. माणूस जहाजाच्या तळाखाली जाऊन काम करतो, म्हणून खरे ठोकळे उंच असतात. १.८ मीटर धरले तर या प्रमाणात ५ मिलिमीटरच्या वर हवेत. किटातले ४ मिलिमीटरसुद्धा भरत नाहीत. १:३५० चा माणूस त्याखाली ताठ उभा राहू शकत नाही, मी छोटी आकृती ठेवून बघितलं. दगडाचा प्रत्येक सांधा जीव ओतून कोरणाऱ्या माणसाने ठोकळ्यांवर एवढा कंजूषपणा का केला, ते मला आजही कळलेलं नाही.

तरी पहिले काही महिने मी ते चालवून घेतले. रंग दिला, जहाज बसवलं, छान दिसत होतं. मग पाऊस लागला.

एमडीएफ हवेतलं पाणी पितो, हे फर्निचरवाल्या प्रत्येकाला माहीत असतं. या किटच्या पत्रकात मात्र पाटी सील करा असं कुठेही लिहिलेलं नाही. उलट पाण्यातला गोंद आणि ॲक्रिलिक प्रायमर वापरा, असं स्पष्ट लिहिलंय. तसंच केलं. जुलैत पाटीच्या कडा चहात बुडवलेल्या बिस्किटासारख्या सुटल्या आणि मधला भाग वर आला. पट्टी लावून बघितलं तर मध्ये २ मिलिमीटरचा फुगवटा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ३५० ने गुणा. खऱ्या गोदीत ते ७० सेंटिमीटर होतात. जहाजाचा मध्य टेकलेला, पुढचं आणि मागचं टोक अधांतरी. बोटाने नाकाशी दाबलं की अख्खी विनाशिका झुलायची. खऱ्या जहाजाचा कणा अशाने मोडेल. ज्या एका गोष्टीसाठी गोदी बांधतात तीच इथे फसली होती.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, 'एमडीएफ हे नैसर्गिक मटेरियल आहे, आर्द्रतेमुळे होणारे बदल वॉरंटीत येत नाहीत.' मी त्यांच्याच पत्रकातली गोंदाची ओळ अधोरेखित करून परत पाठवली. मग 'टीम बघून सांगेल'. मग शांतता. मग पुन्हा तेच उत्तर, या वेळी खाली हसऱ्या चेहऱ्यासकट. शेवटी नवी पाटी द्यायला तयार झाले, पण कुरिअरचे पैसे माझ्याकडून घेऊन. आली तीही तोच एमडीएफ, तीच जाडी, कडा तशाच उघड्या. पाच हजारांच्या वर घेऊन ग्राहकाला हीच पाटी दुसऱ्यांदा पाठवायची आणि वर कुरिअर मागायचं, याचा मला मनापासून राग आला आणि अजून आहे.

उपाय आमच्या स्टेशनजवळच्या बोर्डवाल्याकडे मिळाला. फुगलेली पाटी बघून तो म्हणाला, "ताई, पावसाळ्यात एमडीएफ कशाला? सनबोर्ड घ्या. पाण्यात टाकलात तरी काही होणार नाही." पाच मिलिमीटरचा सनबोर्ड, पाटीच्या मापाचा तुकडा, ८० रुपये. कापूनही त्यानेच दिला. तेव्हापासून पट्टी लावली की उजेडाची रेघसुद्धा दिसत नाही. जे काम ८० रुपयांत होतं ते किटवाल्यांनी आधीच केलं असतं तर त्यांचं काय गेलं असतं?

पाटी बदलायचीच होती, तर ठोकळेही नवे केले. खालच्या थराला एव्हरग्रीनची प्लास्टिक पट्टी, मधल्याला सुताराकडचा सागाचा तुकडा, टोपीला आइस्क्रीमच्या काडीचं मऊ लाकूड. टोप्या वेगळ्या रंगवल्या नाहीत, लाकूड तसंच ठेवून नुसता पातळ तपकिरी वॉश दिला. जहाज टेकवून हलकं दाबलं की टोपीवर खरोखर बारीक चेप उमटतो. रेझिनच्या पट्टीत हे कधीच झालं नसतं.

पाटी उखडताना मला एका गोष्टीची भीती होती: कार्डशीट. दमट हवेत ती सुटणार, असं मी गृहीतच धरलं होतं. तसं झालं नाही. पाटी फुगली, सांगाडा थोडा वाकला, पण कार्डशीटचा एक कोपरासुद्धा उचलला नाही. सांध्यांची खोलीही बरोबर आहे: वॉश टाकला की रंग सांध्यात धावतो आणि दगडाच्या तोंडावर थांबत नाही. हे किट बनवणाऱ्याला दगड कळतो, एवढं नक्की. त्या एका शीटसाठी माझा निम्मा राग गेला.

वेदरिंगबद्दल, म्हणजे मॉडेलवर गंज, डाग, जुनेपणा रंगवण्याबद्दल, माझं म्हणणं थोडं ठाम आहे. ड्राय डॉकची बरीच मॉडेल्स सगळीकडे सारखाच गंज आणि सारखंच शेवाळ लावून संपवलेली दिसतात. गोदीत पाणी फक्त जहाज आत घेताना आणि सोडताना असतं, बाकी वेळ ती उपसलेली. त्यामुळे डाग कुठे पडणार हे पाणीच ठरवतं. कॅसन थोडा तरी गळतोच, म्हणून शेवाळ दाराच्या दोन्ही बाजूंना आणि तिथून निचऱ्याच्या चरापर्यंत. वरच्या पायऱ्या कोरड्या आणि फिकट. गंजाचे ओघळ फक्त कड्या आणि बोलार्डखाली (दोर बांधायचे खुंट), आणि तेही पायरीच्या कडेशी तुटलेले, कारण पाणी कडेवरून उडी मारून खालच्या पायरीवर पडतं. कॅमलिनचा बर्न्ट अंबर आणि सॅप ग्रीन ऑइल कलर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून हे सगळं झालं. पावसात ऑइल सुकायला वेळ लागतो, पण तेवढाच वेळ ओघळ खाली ओढायला मिळतो.

गंजासाठी आयात पावडरच्या बाटल्या घेऊ नका. पूजेच्या दुकानातला गेरू घ्या. तो मुळात लोहाचाच ऑक्साइड आहे, त्यामुळे रंग खोटा वाटत नाही. बारीक वस्त्रगाळ करून कोरड्या ब्रशने लावायचा. वीस रुपयांचा गेरू मला पुढची कितीतरी मॉडेल्स पुरेल. रंग उडालेला दाखवायला मिठाची युक्ती मात्र जून ते सप्टेंबर विसरा. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढतं आणि दाण्याऐवजी ओला डाग राहतो. हेअरस्प्रेने काम होतं.

जहाजाचा तळ मी गंजवला नाही, आणि यावर लोक वाद घालतात. गोदीत आल्यावर जहाजाचा तळ धुतात, खरवडतात, मग रंगवतात. माझं जहाज रंगकामाच्या मध्यावर आहे: मागचा अर्धा ताज्या लाल रंगात, पुढे प्राइमरचे करडे चौकोन, आणि कीलवर ठरावीक अंतराने जुन्या रंगाचे आयताकृती ठिपके. मागच्या वेळी ठोकळे जिथे होते तिथे ब्रश पोहोचलाच नव्हता, म्हणून या वेळी ठोकळे थोडे सरकवून मांडतात. हे ठिपके बघायला खाली वाकावं लागतं. ज्याला वाकून बघावंसं वाटतं त्याला ते सापडतात. गोदीच्या फरशीवर जहाजाच्या दोन्ही कडांखाली लाल रंगाच्या फवाऱ्याची धूसर पट्टी आहे, आणि त्यात ठोकळ्यांच्या सावलीएवढी जागा कोरी.

कॅसनबद्दल आधी वाईट लिहिणार होते, कारण त्याचं बाहेरचं अंग सपाट आहे. पण बाहेरून समुद्र दाखवायचा नसेल तर ते कोणाला दिसत नाही. मी ते तसंच ठेवलं.

विक्रेत्याकडून कुरिअरचे पैसे अजून परत आलेले नाहीत, मी मागणं सोडलेलं नाही. आणि ज्यांच्याकडे हेच किट १:७०० मध्ये आहे त्यांनी ठोकळ्यांची उंची मोजून सांगा. तिथे ती अडीच मिलिमीटरच्या वर असेल, तर छोट्या किटला आपण वेगळे गुण द्यायला हवेत.