स्वतःचा मॅट्रिक्स सर्व्हर: वर्षभराच्या वापरानंतर

आमच्या चाळीसेक जणांच्या गटाच्या गप्पा मॅट्रिक्स या खुल्या चॅट प्रणालीच्या स्वतःच्या सर्व्हरवर हलवल्याला वर्ष होत आलं. सर्व्हरवर सिनॅप्स हे मॅट्रिक्सचं सर्व्हर-सॉफ्टवेअर, फोनवर एलिमेंट हे चॅटचं ॲप. मी समाधानी आहे. पण असा सर्व्हर उभा केला की गटाचा डेटा मोठ्या कंपनीच्या हातून तुमच्या हातात येतो, आणि मग ती कंपनी म्हणजे तुम्हीच. बहुतेक परीक्षणांत उभारणीचंच कौतुक असतं, म्हणून हे आधी.

उभारणी डॉकरमुळे (सॉफ्टवेअर तयार गठ्ठ्यात चालवणारं साधन) एका संध्याकाळचं काम. डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट चाचणीपुरतं ठीक, पण पहिल्या दिवसापासून पोस्टग्रेस घ्या. आमच्या गटाला २ जीबी मेमरी पुरते. मात्र कुणी बाहेरच्या सर्व्हरवरच्या, हजारो सदस्यांच्या जाहीर रूममध्ये (गटगप्पांच्या खोलीत) शिरलं, की तिथल्या सदस्यांच्या ये-जा करण्याची सगळी नोंद आपल्या डेटाबेसमध्ये येऊन बसते आणि डिस्क फुगते. आम्ही फेडरेशन, म्हणजे इतर सर्व्हरांशी जोडणी, सरळ बंद केलं. मॅट्रिक्सची अर्धी गंमत त्यातच आहे हे मान्य, पण आम्हाला आपसांतच बोलायचं होतं.

आता मुख्य मुद्दा. मजकूर एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतो, तो मला दिसत नाही. बाकी बरंच दिसतं. कोण कोणत्या रूममध्ये आहे, कोणी किती वाजता संदेश पाठवला, रूमचं नाव, विषय. अंगठा किंवा हसरा चेहरा टाकला तर तोही उघडाच जातो. त्यामुळे रूमला नाव देताना ‘अमक्याच्या घटस्फोटाबद्दल’ असं लिहू नका, हे मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. सदस्यांचे आयपी पत्ते सिनॅप्स मुळात २८ दिवस ठेवतो आणि खोडलेल्या संदेशाचा मूळ मजकूर ७ दिवस. दोन्ही मुदती मी कमी केल्या. रिव्हर्स प्रॉक्सीचे (सिनॅप्सच्या पुढे उभं राहून बाहेरच्या जोडण्या घेणारं सॉफ्टवेअर) लॉग मात्र वेगळे असतात, तेही आयपी टिपतात आणि तिकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. बॅकअपचंही तेच: सर्व्हरवरून पुसलेली गोष्ट जुन्या बॅकअपमध्ये निवांत पडून असते. म्हणून बॅकअप एन्क्रिप्ट करून ठेवते आणि जुने ठरल्या वेळी उडवते.

नोटिफिकेशनचा रस्ता तर आपल्या ताब्यातच नाही. फोन वाजतो तो गूगल किंवा ॲपलच्या यंत्रणेतून. सरकारं या दोघांकडून पुश नोटिफिकेशनच्या नोंदी मागतात, हे डिसेंबर २०२३मध्ये अमेरिकी सिनेटर रॉन वायडन यांच्या पत्रातून जाहीर झालं. मजकूर त्यात नसला तरी कोणत्या ॲपला कधी खूण गेली हे कळतं. अँड्रॉइडवाल्यांसाठी आम्ही नोटिफिकेशन पोचवणारा स्वतःचा एनटीएफवाय सर्व्हर जोडला. चांगला चालतो, बॅटरी किंचित जास्त खातो. आयफोनवर तसा पर्याय नाही.

होस्टिंगवालाही विसरू नका. ऑक्टोबर २०२३मध्ये जॅबर डॉट आरयू या जुन्या एक्सएमपीपी (मॅट्रिक्सच्या आधीची खुली चॅट पद्धत) सेवेचा प्रकार उघडकीस आला. जर्मनीतल्या होस्टिंगवर असलेल्या तिच्या सर्व्हरची वाहतूक कित्येक महिने मधल्या मध्ये उघडून पाहिली जात होती, तीही सर्व्हर खरा असल्याची ग्वाही देणाऱ्या, लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेच्या अस्सल प्रमाणपत्रांच्या जोरावर. पाळत ठेवणाऱ्यांच्या प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जोडणीत चूक दिसू लागली, म्हणून ते सापडलं! ते वाचल्यावर मी डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) सीएए नोंद, म्हणजे प्रमाणपत्र कोण देऊ शकतं ते सांगणारी नोंद, घातली आणि ती आमच्याच लेट्स एन्क्रिप्ट खात्याला बांधली. शिवाय सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सीच्या लॉगवर, म्हणजे दिलेल्या प्रमाणपत्रांच्या जाहीर यादीवर, नजर ठेवते: आपण न मागितलेलं प्रमाणपत्र तिथे दिसलं, तर काहीतरी शिजतंय.

सदस्यांची तक्रार एकच, पण ती कायमची. नवा फोन घेतला, रिकव्हरी की (जुने संदेश उलगडणारी किल्ली) सापडत नाही, जुने संदेश उघडत नाहीत. मी काहीच करू शकत नाही, आणि करू शकत नाही हीच त्या व्यवस्थेची खूण, हे दर वेळी नव्याने समजवावं लागतं. पासवर्ड मॅनेजर वापरणाऱ्यांना हा त्रास जवळपास होत नाही.

गटात सर्व्हर सांभाळणारा एकच माणूस असेल तर या फंदात पडू नका. आमच्याकडे दुसऱ्या एका सदस्याकडे सर्व्हरची वेगळी एसएसएच की (दुरून शिरण्याची किल्ली) आणि डोमेनचं वेगळं लॉगिन आहे, आणि सिनॅप्सचे सुरक्षा अपडेट मी नसताना तीच टाकते. नुसत्या गप्पा हव्या असतील, रूम-बिम नको असतील, तर प्रोसोडी हा एक्सएमपीपीचा सर्व्हर पाहा. त्याला याच्या पावपट मेमरीही लागत नाही.