मांजरासाठी बाल्कनीला जाळी: नायलॉनची की स्टीलची?

कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी स्वस्त आणि हलकी. पण मांजर ती कुरतडतं, उन्हाने धागा कमकुवत होतो आणि एक गाठ सुटली की भोक वाढत जातं. हूक फूटभर अंतरावर असतील तर कडा ढिल्या पडतात, आणि डोकं शिरलं की बहुतेक मांजरांचं अंगही निघतं. हीच लावायची तर हूक ६ इंचांवर घ्या, दर महिन्याला कडा ओढून पाहा.

स्टीलची वेल्डेड जाळी महाग, सोसायटीची परवानगीही लागू शकते. तरी मांजर दिवसभर बाल्कनीत बसत असेल तर हीच घ्यावी. चौकोन १ इंचाचे, म्हणजे पिल्लूही निसटत नाही. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड) लवकर गंजतं; ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील मागा. आग लागली तर बाहेर पडता यावं म्हणून एक भाग आतून कडी काढून उघडणारा ठेवा.