जंतुनाशक माउथवॉश की मिठाच्या पाण्याची चूळ?

क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा माउथवॉश चांगले-वाईट जंतू निवडून मारत नाही. जिभेवरचे काही जीवाणू भाज्यांतल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात. लाळेबरोबर ते पोटात जातं, त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनतं आणि रक्तवाहिन्या सैलावतात. हे जीवाणू मेले की रक्तदाब थोडा चढतो. निरोगी माणसांत अवघ्या ७ दिवसांत तो चढलेला दिसला आहे. प्युर्टो रिकोतल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज दोनदा माउथवॉश वापरणाऱ्या स्थूल प्रौढांत मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था अधिक आढळली. कार्यकारणभाव मात्र त्यातून सिद्ध होत नाही. आपण रोज लिटरभर लाळ गिळतो, त्यामुळे माउथवॉशचा आतड्यांतल्या जंतूंवरही परिणाम होतो का, हा प्रश्नही रास्तच.

मिठाचं पाणी सौम्य, पण दातांवरचा थर त्याने निघत नाही. त्याला ब्रशच हवा. दात काढल्यावर डॉक्टरांनी सांगितलेले दिवस माउथवॉश जरूर वापरा. एरवी मी चूळच निवडेन.