घरच्या सेलरमध्ये जास्तीत जास्त बाटल्या: सुट्या खाचा, मोठे खण की मागेपुढे दोन रांगा?

घरच्या सेलरसाठी, म्हणजे वाईन साठवायच्या थंड खोलीसाठी, रॅक घ्यायला निघालं की पहिला प्रश्न हाच असतो की यात बाटल्या किती बसतात, आणि समोरून जो आकडा मिळतो तो बहुतेक वेळा बोर्दोच्या बाटलीवर काढलेला असतो, म्हणजे ती सरळ खांद्यांची, ७५० मिलीची, साधारण साडेसात सेंटीमीटर जाड आणि ३० सेंटीमीटर लांब. तुमच्याकडे सगळ्या तशाच असतील तर आकडा खरा. पण उतरत्या खांद्यांची बर्गंडीची बाटली साडेआठच्या आसपास जाते, शॅम्पेनची जवळजवळ ९ (आत ५-६ अॅटमॉस्फिअर दाब असतो, काच जाड ठेवावीच लागते), रिसलिंग या पांढऱ्या वाईनची बारीक पण उंच, आणि मॅग्नम, म्हणजे दीड लिटरची, तर १० च्याही पुढे. त्यामुळे आधी तुमच्याकडच्या बाटल्यांचे प्रकार मोजा, भिंत नंतर मोजा.

तुलना सोपी पडावी म्हणून सगळीकडे एकच भिंत धरतो, १ मीटर रुंद आणि २ मीटर उंच.

सुट्या खाचा म्हणजे प्रत्येक बाटलीला स्वतःची जागा. मधल्या पट्ट्या धरून एका खाचेला साधारण १० बाय १० सेंटीमीटर लागतात, म्हणजे आडव्या १० आणि उभ्या २०, एकूण २०० बाटल्या, भिंतीपासून ३० सेंटीमीटर पुढे. ऐकायला छान वाटतं पण गणित बघा, बोर्दोच्या बाटलीचा गोल भरतो ४४ चौरस सेंटीमीटर आणि खाच घेते १००, म्हणजे अर्ध्याहून जास्त भिंत लाकूड आणि हवाच खातेय. बदल्यात मिळतं काय, तर कुठलीही बाटली दुसरीला हात न लावता निघते. ज्यांच्याकडे एकेक-दोनदोन अशा वेगवेगळ्या बाटल्या जमतात त्यांना याला पर्याय नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

मोठे खण करून त्यात बाटल्यांची उतरंड रचली तर त्याच भिंतीत २७०-२८० बसतात. कारण गोल वस्तू एकावर एक सरळ न ठेवता वरची खालच्या दोघींच्या खोबणीत बसवली की मधाच्या पोळ्यासारखी रचना होते आणि प्रत्येक ओळ साडेसातऐवजी साडेसहा सेंटीमीटरच उंची खाते. इथे एक गोष्ट सुताराला आधीच सांगायला हवी, जी मला उशिरा कळली. खणाची आतली रुंदी सहा बाटल्यांची ठेवली तर ओळी ६-५-६-५ अशा पडतात, पण साडेसहा बाटल्यांची ठेवली, म्हणजे बोर्दोसाठी ४९ सेंटीमीटर, तर प्रत्येक ओळीत सहाच्या सहा बसतात, अर्ध्या बाटलीची फट एकदा डावीकडे एकदा उजवीकडे जाते. पाच ओळींच्या खणात २८ च्या जागी ३० झाल्या, दहा खण असतील तर २० बाटल्या नुसत्या मापामुळे वाढल्या.

पण खणाचा त्रासही खराच आहे. तळाची बाटली हवी असेल तर वरच्या वीसेक उतरवा, परत रचा, जुन्या वाईनचा बसलेला गाळ हलवा. म्हणून खण त्यांच्यासाठी जे एकच वाईन डझनाने घेतात, एका खणात एकच वाईन, वरची काढली काय आणि खालची काय सारखंच. शिवाय जाडीही सारखी हवी, बोर्दोच्या ओळीत मधेच एक बर्गंडी घुसली की वरची सगळी रचना डुगडुगते. मी एकदा जागा नाही म्हणून तशी घुसवली होती आणि संध्याकाळी वरच्या दोन घरंगळून खाली आल्या, एक फुटली. त्या दिवसापासून मिश्र बाटल्या खणात बंद.

तिरपे, हिऱ्याच्या आकाराचे खण दिसायला सगळ्यात देखणे आणि म्हणूनच लोक ते पहिल्यांदा निवडतात, मीही निवडले होते. यात बाटल्या बाजूंना टेकून सरळ रांगांत बसतात, पोळ्यासारख्या नाही, त्यामुळे दाटी तेवढी होत नाही. ४० सेंटीमीटर बाजूच्या खणात बोर्दोच्या पाच बाय पाच म्हणजे २५ बसतात, पण बर्गंडी पाच ठेवायला साडेबेचाळीस लागतात, म्हणजे नीट रचल्या तर चार बाय चार, १६ च! आणि भिंतीच्या कडांना, वर, खाली जे अर्धे त्रिकोण उरतात त्यात धड काही राहत नाही. एक गोष्ट मात्र याची चांगली, तिरप्या बाजूंमुळे बाटल्या आपोआप मधे सरकतात, घरंगळत नाहीत. एखादा खण हौसेने करा, भिंतभर करू नका.

लेबल समोर दिसेल अशा धातूच्या रॅकवर बाटली भिंतीला समांतर आडवी असते, म्हणजे एका बाटलीला ३० च्या वर रुंदी जाते. आपल्या भिंतीत तीन उभ्या रांगा गुणिले २०, फक्त ६० बाटल्या. एकामागे एक तीन ठेवता येतील असा घेतला तर १८०, आणि तोही भिंतीपासून साधारण ३० सेंटीमीटरच पुढे येतो, म्हणजे सुट्या खाचांच्या अगदी जवळ. त्यामुळे हा रॅक जागा खातो असं सरसकट म्हणणं चूक आहे, एकेरी खातो, तिहेरी नाही. फक्त मागच्या दोन बाटल्या पुढच्या बाटलीच्याच वाईनच्या ठेवा, नाहीतर लेबल दिसण्याचा उपयोग काय.

आता खरा फरक जिथे पडतो ते, म्हणजे मागेपुढे दोन रांगा. सुट्या खाचाच, पण ६० सेंटीमीटर खोल, एकामागे एक दोन बाटल्या, त्याच भिंतीत ४००. बाकी प्रकार एकेरी खाचांपेक्षा फार तर ३५-४० टक्के जास्त देतात आणि हा एकदम दुप्पट करतो, तरी लोक भिंतीकडेच बघतात आणि फरशीकडे बघत नाहीत. बाटली ओढून काढायला, वाकायला, वळायला साधारण ८०-९० सेंटीमीटर वाट लागते, तेवढी सोडून उरलेलं सगळं रॅकला द्यायचं. खोली दीड मीटर रुंद असेल तर दोन्हीकडे एकेरी, वाट ९०. १ मीटर ८० असेल तर एकीकडे दुहेरी, एकीकडे एकेरी, वाट पुन्हा ९०. दोन मीटर असेल तर दोन्हीकडे दुहेरी आणि वाट ८०, थोडी अडचण होते पण चालतं. दोन मीटरच्या खोलीत दोन्ही भिंतींना एकेरी रॅक लावले तर मधे १ मीटर ४० ची मोकळी जागा थंड करत बसायचं, त्यात ना बाटली ना माणूस.

मागची बाटली विसरली जाते हा दुहेरीवरचा आक्षेप मला मान्य आहे, माझ्याही विसरल्या होत्या. उपाय म्हणजे पुढे-मागे एकच वाईन, किंवा मागे लांब मुरायच्या आणि पुढे लवकर प्यायच्या, आणि मानेत अडकवायची चिठ्ठी.

वजनही विसरू नका. भरलेली बाटली १.२ ते १.५ किलो, तेव्हा ४०० बाटल्या म्हणजे पाचशे-सहाशे किलो, एक मीटर बाय साठ सेंटीमीटरवर. जमिनीलगतच्या पक्क्या फरशीवर काळजी नाही, पण वरच्या मजल्यावर किंवा लाकडी जमिनीवर करणार असाल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय दुहेरी करू नका, आणि रॅक भिंतीला आवळून ठेवा. सामान म्हणाल तर सेलरमध्ये ६०-७० टक्के आर्द्रता ठेवतो आपण, बूच सुकू नये म्हणून, त्यात पार्टिकल बोर्ड फुगतं, तेव्हा अस्सल लाकूड किंवा पावडर कोटिंग केलेला धातू. सीडरसारखं वासाचं लाकूड आणि वासाचं वॉर्निश दोन्ही टाळा.

लाकडी पेट्या उघडून रिकाम्या करायची घाई असते सगळ्यांना, पण १२ बाटल्यांची पेटी साधारण ५० बाय ३३ बाय १८ सेंटीमीटरची, म्हणजे बाटलीमागे अडीच लिटर जागा, आणि सुटी खाच घेते ३ लिटर! मुरायला ठेवायच्या असतील तर पेटी तशीच तळाशी दोन-तीन थरांत ठेवा.

मला आज पहिल्यापासून करायचं असतं तर तळाला पेट्या, त्यावर दोन-चार साडेसहा बाटल्यांच्या मापाचे खण डझनांसाठी, डोळ्यांच्या उंचीला आणि वर सगळ्या सुट्या खाचा, आणि खोलीची रुंदी पुरत असेल तिथे दुहेरी. खाचांतल्या दहातल्या एक-दोन रुंद, शॅम्पेन आणि बर्गंडीसाठी. कुलिंग युनिटच्या तोंडासमोरची जागा रिकामी, तिथे बाटल्या कोंबल्या तर थंड हवा खोलीत फिरतच नाही आणि १२-१३ डिग्री फक्त काट्यावर दिसतात. दार बाहेर उघडणारं, कारण आत उघडणारं दार एक आख्खा कोपरा खातं. ऑर्डर देण्याआधी सुताराकडून एकच नमुन्याची खाच करून घ्या आणि तुमच्याकडची सगळ्यात जाड बाटली तिच्यात लेबलासकट आतबाहेर करून बघा, लेबल घासलं गेलं तर सगळीकडे अर्धा सेंटीमीटर वाढवायला सांगा आणि मगच कापायला घेऊ द्या.