नील बेटावरच्या सेंद्रिय शेतात तीन आठवडे: माझा रिव्ह्यू

अंदमानचं नील बेट, आता नाव शहीद द्वीप. तिथल्या एका छोट्या शेतावर मी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तीन आठवडे व्हॉलंटियर म्हणून राहून आले. शेत एका बंगाली कुटुंबाचं आहे, पूर्व पाकिस्तानातून आलेल्यांना सरकारने इथे वसवलं त्यातलेच हे, आणि पोर्ट ब्लेअर, हॅवलॉकला जाणारी बरीचशी भाजी याच बेटावरून जाते. पोर्ट ब्लेअरहून सरकारी बोटीने साधारण दोन तास लागतात, प्रायव्हेट बोट लवकर पोचते पण महाग.

आधी तक्रार सांगते. ज्या वेबसाइटवरून बुकिंग केलं तिथे रोज चार तास काम लिहिलं होतं, प्रत्यक्षात सहा तरी होतंच. जेवणाचे रोजचे तीनशे रुपये द्यावे लागतात हेही पोचल्यावर कळलं. पैशाचं मला फार वाटलं नाही पण आधी सांगायला हवं होतं, माझ्यासोबतचा मुलगा याच कारणाने चौथ्या दिवशी निघून गेला आणि अर्धवट राहिलेले वाफे उरलेल्या आम्ही दोघी व्हॉलंटियरनी पुरे केले.

आता काम. घड्याळ आपलंच पण बेट इतकं पूर्वेला की पाचच्या सुमारास उजाडतं आणि संध्याकाळी पाचलाच अंधार पडायला लागतो, त्यामुळे साडेपाचला शेतात आणि दहाला ऊन चढलं की घरात, मग परत तीननंतर. माझं आजोळ गुहागरचं, नारळी-पोफळीची वाडी लहानपणापासून बघितलेली, तरी इथे झावळ्या, सोडणं (नारळाची वरची सालं), पोफळीच्या विऱ्या (गळलेल्या पानांचे रुंद देठ) सगळं तुकडे करून वांगी-कारल्याच्या मुळाशी जाड थरात पसरतात ते बघून वाटलं की आपण हे दरवर्षी जाळत का बसतो? शेताचे मालक, आमचे दादा, म्हणाले की इथे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो पण जानेवारी ते एप्रिल जवळजवळ कोरडे, तळ्यातलं पाणी फेब्रुवारीपासून खाली जातं, म्हणून ओल धरून ठेवायला हे आच्छादन आत्ताच घालायचं.

आणि जीवामृत, म्हणजे पिकाला घालायचं आंबवलेलं पातळ खत! दोनशे लिटर पाण्याच्या ड्रममध्ये दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती, दोन दिवस सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. ही पद्धत आपल्या विदर्भातल्या सुभाष पाळेकरांनी सगळीकडे पोचवली (२०१६ ला पद्मश्री मिळाली त्यांना), आणि ती मी शिकले कुठे तर समुद्रापलीकडे एका बंगाली माणसाकडून. मला खरंच भरून आलं.

रात्रीचं काम गोगलगायी वेचायचं. आफ्रिकन मोठी गोगलगाय, जपान्यांच्या ताब्यात बेटं होती तेव्हा आली असं सांगतात, एका रात्रीत कोवळी रोपं साफ करते. टॉर्च घेऊन मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकत जायचं. ग्लोव्हज घालाच, त्यांच्यातून मेंदूला सूज आणणारा जंत माणसात येऊ शकतो, म्हणून पालेभाजीसुद्धा नीट धुवून शिजवूनच खायची.

जेवण फार छान. बौदी (म्हणजे वहिनी, दादांची बायको) मासे रोज करायच्या, आणि पुईशाक म्हणजे आपला मायाळू, त्यात भोपळा आणि कोळंबी घालून, हे मी घरी आल्यावर दोनदा केलं. खोली साधी, मच्छरदाणी आहे, आंघोळीला दोन बादल्या पाणी, नेट कधी येतं कधी जातं.

एका आठवड्यासाठी जाऊ नका प्लीज. पहिले सात दिवस तर विळा धरायला आणि रोप कुठलं, तण कुठलं हे कळायलाच जातात, तोवर त्यांचाच वेळ आपण खातो. निदान तीन आठवडे काढा, बीच आठवड्याच्या सुट्टीला बघा, लक्ष्मणपूरचा सूर्यास्त सायकलने गाठता येतो, फक्त वाळूमाशा चावतात म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. डोक्याला लावायचा टॉर्च आणि रबरी ग्लोव्हज घरूनच न्या.

पाचपैकी चार स्टार, एक त्या तासांच्या माहितीसाठी कापला. फेब्रुवारीत परत जाणार आहे, तळं उतरल्यावर आम्ही घातलेल्या आच्छादनाखाली ओल किती टिकली ते बघायचंय.