नवा म्हणून विकलेला टायर

कोरेगावातल्या पंक्चरवाल्या काकांनी गाडी मधल्या स्टँडवर चढवली, मागचं चाक हाताने फिरवलं, मधेच थांबवलं आणि अंगठ्याचं नख टायरच्या चरात घातलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सायेब, ह्यो टायर नवा म्हणून कुणी दिला तुमास्नी? ह्याला काटं मारल्यात."

मी म्हणालो, जूनमध्येच घेतलाय, अजून तीन महिनेही झालेले नाहीत.

"घेतला आसंल. पर नवा न्हाय ह्यो. हितं बघा की, दोरं दिसाय लागल्यात."

वाकून पाहिलं. मधल्या चराच्या तळाशी पांढुरके नायलॉनचे धागे उघडे पडले होते. आदल्याच दिवशी याच टायरवर बायकोला मागे बसवून मी यवतेश्वरचा घाट उतरलो होतो.

मी पिग्मी गोळा करतो. सकाळी साताऱ्याहून निघायचं, संगम माहुलीवरून कोरेगाव गाठायचं, तिथली बाजारपेठ आणि आजूबाजूची दोन-तीन गावं करून संध्याकाळी परत. रोजचे साधारण ६० किलोमीटर होतात, आठवड्यातून सहा दिवस. गाडी पल्सर १५०. गाडी बंद पडली तर त्या दिवसाची वसुली बुडते, म्हणून तिची काळजी मी मनापासून घेतो. दर सोमवारी सकाळी, गाडी बाहेर काढायच्या आधी, स्वतःच्या मीटरने हवा बघतो. पुढे २५, मागे एकटा असलो तर २८, डबलसीट जायचं असलं तर ३२. हे आकडे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकातले आहेत. तारीख, किलोमीटर आणि हवा एका छोट्या वहीत लिहून ठेवतो. या सवयीमुळे आधीचा मागचा टायर २१,४०० किलोमीटर चालला. माझ्याबरोबरच्या एजंटांचे १४-१५ हजारांतच जातात, आणि त्यातले बहुतेक जण हवा डोळ्यांनी बघतात.

हे आधीच सांगतोय, कारण पुढे मला फसवणाऱ्याने सगळा दोष याच हवेवर ढकलला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात जुन्या टायरचा गोटा झाला होता. पाऊस तोंडावर आलेला. हायवेच्या सर्व्हिस रोडला असलेल्या एका टायरच्या दुकानात गेलो. दुकान मोठं, बाहेर कंपन्यांचे बोर्ड, आत हवेचं मशीन. माझ्या मापाचा, म्हणजे १००/९०-१७ चा, ट्यूबलेस टायर मालकाने आतल्या खोलीतून आणला. नावाजलेल्या कंपनीचा, काळाभोर, चकचकीत. म्हणाला, "सव्वीसशेचा टायर आहे, मागच्या लॉटमधला शेवटचा पीस राहिलाय, तुम्हाला एकोणीसशेला देतो. जुना टायर इथंच टाका, आणखी शंभर कमी." पन्नास रुपयांत नायट्रोजन भरून देतो, त्याने टायर दीडपट चालतो, असंही म्हणाला. आपल्या साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो हे मला माहीत होतं, म्हणून ते नको म्हणालो. तेवढ्यावर मला वाटलं, आपण जागरूक गिऱ्हाईक आहोत. टायरचं मात्र काहीच तपासलं नाही. हात लावला तर बोटं काळी झाली, तेव्हा पॉलिश असेल म्हणून सोडून दिलं. पॉलिशच होतं. ते कशावर फासलंय, हे विचारायला हवं होतं.

बिल म्हणून एक चिठ्ठी मिळाली. त्यावर 'टायर १', रक्कम १८०० आणि खाली एक सही. जीएसटी नंबर नाही, कंपनीचं नाव नाही, टायरवरचा नंबर नाही.

पहिल्या दिवसापासून गाडी मागून घरघर आवाज करायची. नवा टायर आहे, बसेल, असं मनाला सांगितलं. नव्या टायरवरचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत पहिले शंभरेक किलोमीटर जपून चालवावी लागते, तशी चालवलीही. जुलैत पाऊस लागला, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की मागचं चाक किंचित बाजूला जायला लागलं. हवा बघितली, बरोबर २८. चेन बघितली, दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारख्याच खुणेवर होते. मग रस्त्यालाच दोष दिला.

ऑगस्टच्या मध्यात एका रविवारी बायकोला घेऊन कासला गेलो. फुलांना वेळ होता, पण धुकं आणि हिरवळ बघायची तिची इच्छा होती. सकाळी आठवणीने मागे ३२ हवा भरली. येताना यवतेश्वरच्या घाटात बारीक पाऊस होता. वेग तिशीच्या आत. एका वळणावर ब्रेकला नुसता पाय लावला आणि मागचं चाक असं सरकलं, की गाडी आडवी होऊन आम्ही दोघं रस्त्यावर घसरत गेलो. कठडा हातभर राहिला. मागून एसटी येत होती, तिच्या चालकाने वेळेत थांबवली. बायकोच्या मनगटाचं हाड मोडलं. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही, उलट दवाखान्यात डॉक्टरांना सांगत होती, "हे हळूच चालवतात हो." ते ऐकताना माझ्या घशाखाली आवंढा उतरत नव्हता.

दुसऱ्या दिवशी कोरेगावला काकांनी टायर दाखवला. त्यांनी जे समजावलं ते इथे नीट लिहितो, कारण मी पंधरा वर्षं गाडी चालवतोय आणि मला ते माहीत नव्हतं.

झिजून गुळगुळीत झालेला टायर घेतात. गरम पात्याच्या कटरने जुन्याच नक्षीवरून पुन्हा खोल चर कापतात, यालाच काटे मारणं म्हणतात. वरून काळं पॉलिश मारलं की लांबून नवाच दिसतो. पण रबर काही वाढलेलं नसतं. उलट झिजून जेवढं उरलेलं असतं, त्यातूनच आणखी कापून काढलेलं असतं. चराच्या तळाशी नायलॉनच्या थरावर कागदाएवढं रबर राहतं. ते चालून चालून जातं, धागे उघडे पडतात, त्यात पाणी शिरतं आणि टायर आतून कमकुवत होतो. ट्रकच्या काही टायरांना मुळातच जास्त रबर दिलेलं असतं आणि त्यांच्या बाजूवर 'रिग्रूव्हेबल' असं छापलेलंही असतं. अशा टायरांना पुन्हा चर पाडणं हा रीतसर धंदा आहे. मोटरसायकलच्या टायरला तशी सोय नसते.

काकांनी मग टायरच्या बाजूवरचा एक बारीक त्रिकोण दाखवला. काही टायरांवर त्रिकोणाऐवजी 'टीडब्ल्यूआय' अशी इंग्रजी अक्षरं असतात. त्या खुणेच्या सरळ रेषेत चरात बघितलं की तळाशी रबराचा एक छोटा उंचवटा दिसतो. दुचाकीला त्याची उंची ०.८ मिलिमीटर असते. टायर झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आला की बदलायचा, एवढ्यासाठीच तो दिलेला असतो. माझ्या टायरवर त्रिकोण होता, पण त्याच्यासमोरच्या चरात उंचवटा नव्हता. कटर त्याच्यावरून गेला होता. तो उंचवटा चर कापणाऱ्याला वाचवता येत नाही, आणि कापल्यावर पुन्हा बसवताही येत नाही. दुकानात उभं राहून दहा सेकंदांत बघता येईल अशी याहून पक्की खूण मला तरी ठाऊक नाही.

बाकीच्या खुणाही मग एकेक दिसत गेल्या. साच्यातून निघालेल्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, माझ्यावर एकही नव्हता. कंपनीच्या चराचा तळ गोलसर आणि गुळगुळीत असतो, इथे कडा धारदार आणि खोली ठिकठिकाणी कमीजास्त. बाजूवर टायर बनल्याची तारीख चार आकड्यांत असते. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे १४२३ असेल तर २०२३ सालचा चौदावा आठवडा. माझ्या टायरवर नेमके तेवढेच आकडे घासून काढलेले होते आणि ती बाजू चेनकडे बसवली होती. आयएसआयचा शिक्का मात्र होता, त्यासोबतचा आयएस १५६२७ हा दुचाकी टायरचा नंबरही होता, कंपनीचं नावही खरं होतं. टायर एकेकाळी खराच होता ना! म्हणून नुसता शिक्का आणि नाव बघून पैसे देऊ नका.

काकांकडे चांगला टायर बसवून घेतला. पक्कं बिल मागितलं, तर त्यांनी शेजारच्या डीलरकडून टायर मागवून डीलरचंच बिल दिलं आणि त्यावर टायरचा नंबर लिहून घेतला. काढलेला टायर पोत्यात घालून मी हायवेच्या दुकानात गेलो.

मालकाने टायरला हातही लावला नाही. लांबूनच म्हणाला, "हवा कमी ठेवली असणार तुम्ही. कमी हवेत असंच होतं."

मी वही पुढे केली. जूनपासूनचा प्रत्येक सोमवार त्यात होता. म्हणाला, "वहीत काहीबी लिहिता येतं."

वही बाजूला ठेवू. टायर स्वतःच सांगतो की हवा कशी होती. हवा कमी असेल तर टायर दोन्ही कडांनी जास्त टेकतो आणि कडा आधी झिजतात. बाजूची भिंत सतत दबून तापते, तिला तडे जातात. हवा जास्त असेल तर टायर मधोमध फुगतो, जमिनीला टेकणारा भाग कमी होतो आणि मधला पट्टा आधी जातो. दोन्हीत जमिनीला टेकतं तेच रबर झिजतं. माझ्या टायरची वरची बटणं, म्हणजे चरांमधले उंच भाग, मधे आणि कडेला सारखी होती, आणि धागे दिसत होते ते चराच्या तळाशी, जिथे रस्ता लागतच नाही. कमी हवेने चराचा तळ कसा झिजेल? हे मी त्याला तीनदा विचारलं. त्याने उत्तर दिलं नाही. शेवटी म्हणाला, "हा टायर आमचाच कशावरून?"

इथे मी हरलो. चिठ्ठीवर ना कंपनी, ना नंबर. मी कोणताही टायर पोत्यात घालून आणला असता तरी त्या चिठ्ठीला तो चालला असता, आणि चिठ्ठी तशी का लिहिली होती हे मला तेव्हा कळलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांना मी मोठ्याने सगळं सांगितलं. एक जण निघून गेला, दुसऱ्याने पैसे मोजून दिले.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन केला. तक्रार नोंदवून घेतली, दुकानदाराने हात वर केले. पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचा रस्ता मोकळा आहे, पण माझ्याकडची चिठ्ठी तिथे किती टिकेल, हे एका वकील खातेदाराने स्पष्ट सांगितलं. तुमच्याकडे जीएसटी नंबरचं बिल असेल आणि त्यावर टायरचा नंबर असेल, तर तुमची गोष्ट वेगळी होईल. शंभर-दोनशे वाचतात म्हणून बिल सोडू नका. माझे आठशे वाचले होते. बायकोच्या हाताला त्याच्या कितीतरी पट लागले, आणि दीड महिना तिला भाकरी थापता आली नाही.

त्या टायरचा चार बोटं रुंद तुकडा मी एक्सो ब्लेडने कापून घेतला. तो पिग्मीच्या बॅगेत असतो. कापलेल्या बाजूने बघितलं की चराखाली किती रबर उरलंय ते लहान पोरालाही कळतं. खातेदारांना दाखवतो, दुधाच्या गाड्या चालवणाऱ्या पोरांना दाखवतो. दोघांनी आपले टायर तिथल्या तिथे तपासले. एकाच्या त्रिकोणासमोर उंचवटा सापडला नाही.

आता सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट. जूनमध्ये शंभर रुपयांसाठी माझा जुना टायर मी त्याच दुकानात ठेवून आलो. तेव्हा वाटलं भंगारात जाईल. आता कळतंय की त्यांना असाच माल लागतो. वरून गुळगुळीत, पण हवा नीट ठेवल्यामुळे बाजूच्या भिंती शाबूत, एकही तडा नाही. मी सांभाळून वापरलेला टायरच त्यांना काटे मारायला सगळ्यात सोयीचा. यापुढे जुना टायर दुकानात ठेवायचा झाला तर आधी माझ्या समोर त्याला आडवी चीर देऊन मगच ठेवणार. तुम्हीही तसंच करा.

माझा तो जुना टायर १००/९०-१७ मापाचा आहे. उजव्या भिंतीवर बोटभर लांबीची तिरकी घासलेली खूण आहे, माहुलीच्या पुलाजवळ दगडाला घासून पडलेली. आतल्या बाजूने मधोमध एका पंक्चरची पट्टी आहे. यंदाच्या जूननंतर सातारा परिसरात कुणी या मापाचा टायर स्वस्तात घेतला असेल, तर आजच खाली वाकून उजवी बाजू बघा. ती खूण दिसली, तर गाडी आहे तिथेच ठेवा आणि घरी रिक्षाने जा.