थिनरसाठी कार्ट्रिजवाला मास्क : सहा महिने वापरून

लातुरात फर्निचर पॉलिशचं काम मी बावीस वर्षं करतोय. त्यातली एकवीस तोंडाला ओला रुमाल बांधून काढली.

एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरच्या डब्यावर बारीक अक्षरात टोल्युइन या रसायनाचं नाव लिहिलेलं असतं. लॅकर, म्हणजे लाकडावरचं चकचकीत पॉलिश, पातळ करायला, फवारणीची गन धुवायला या थिनरसारखं दुसरं काही नाही. कोट बघता बघता सुकतो. पण सुकतो म्हणजे थिनर हवेत जातं, आणि तीच हवा आपण ओढतो. ही वाफ हवेपेक्षा तिपटीनं जड, फरशीलगत साचते. म्हणून मी उभा राहून गन मारायचो आणि डोकं आधी दुखायचं ते खाली बसून पलंगाचे पाय घासणाऱ्या पोराचं. दिवाळीआधी अंबाजोगाईला एका बंद हॉलमध्ये तो उठला तो भिंत धरूनच. “काका, गरगरायलंय,” म्हणाला. त्याच आठवड्यात दोन मास्क आणले.

रबरी मास्क आहे, दोन्ही गालांशी कार्ट्रिज. आत कोळसा असतो, तो वाफ धरून ठेवतो. त्यावर ‘ऑरगॅनिक व्हेपर’ लिहिलंय का ते बघूनच घ्या. धुळीचा साधा मास्क वाफ अडवत नाही, रुमाल तर नाहीच. पहिल्याच दिवशी संध्याकाळी घरी येऊन पोटभर जेवलो. कामाच्या दिवशी जेवण जायचं नाही, ते मी इतकी वर्षं थकव्यावर घालत होतो.

उन्हाळ्यात घामानं रबर घसरतं, चिडचिड होते. दाढी असली की कडेनं वाफ आत शिरते. पोराला दाढी काढायला लावली. काम झालं की कार्ट्रिज हवाबंद पिशवीत ठेवा, नाहीतर कोळसा बसल्या बसल्या भरतो. आत वास आला की लगेच बदला. त्याचा खर्च मी आता दरातच धरतो.

आगीपुढं मात्र मास्क काही करत नाही. टोल्युइनची वाफ ४ अंशांनाही पेट घेऊ शकते, आपल्याकडं तर मे महिना. खिडक्या उघड्या, बिडी बाहेर, देवापुढचा दिवाही तेवढा वेळ विझवायला सांगतो. हातही थिनरनं धुवू नका, कातडीचं तेल जाऊन भेगा पडतात. मी खोबरेल चोळून साबण लावतो.

आणि घरात गरोदर बाई असेल, तर ती दुसरीकडं राहायला गेल्याशिवाय मी डबा उघडत नाही. मालकाला हे फोनवरच सांगतो.